हिरव्यापासून लालपर्यंत

नारायणगाव
ता. १७ सप्टेंबर २००३

चि. भिमाजीस,
प्रयागआक्काचा आशीर्वाद. आम्ही दोघी बऱ्या आहोत. पठारावर पाऊस झाला का, बाजरी भरली का, ते कळव.

स्नेहलचं मन लागत नसेल तर दिवाळीला तिला कायमची गावी, आण्याला नेतो, असा तुझा निरोप मिळाला. अरे, मन न लागायला काय झालं? तुझी लेक शाळेतून सरळ घरी येईल तर शपथ. आमच्या बोळात आहे काय, सांग बरं? गॅरेज, गटार आणि टोमॅटो मार्केटची मागची भिंत. अकरा वर्षं मी तिथून नाकाला पदर लावून जाते. ही बया थांबते. डिझेल सांडलेल्या डबक्यात तिला मोरपीस दिसतं. निळ्या-पिवळ्या क्रेटच्या थप्प्यांपुढं उभीच राहते. म्हणते, "आत्या, एवढे रंग आपल्या आण्याला न्हाईत. समदे हितंच आल्यात." तिच्यामुळं मीपण बघायला लागले. लई उपकार झाले पोरीचे.

पण वर लिहिलं ते मागचं. आता आठ-दहा दिवस ती सरळ घरी येते, खाली मान घालून. का, ते फोनवर सांगायला जमलं नसतं.

सुट्टीच्या दिवशी तिला माझ्यासंगं टोमॅटो निवडायला नेलं. लांबच्या गाडीत हिरवट माल भरतात. पिकलेला वेगळा काढायचा, नाहीतर वाटेतच सडतो. हिनं एकेका क्रेटात हिरव्यापासून लालपर्यंत ओळी लावल्या. सहा क्रेट. दिसत होतं देखणं, पण माल घेणाऱ्या जानकूशेटनं सगळं ओतायला लावलं. मी चार बायांदेखत तिच्या मुस्काटात मारली.

काल फेकायचे टोमॅटो मी पदरात घालून आणले आणि उंबऱ्यापाशी तशीच ओळ लावली. ती बराच वेळ बघत बसली. मग दोन टोमॅटो उचलून त्यांची जागा बदलली. म्हणाली, "आत्या, तुला न्हाई जमत." मला रडू आलं, लपवत नाही.

मला लेकरू नाही. तू विश्वासानं तुझं माझ्या घरात ठेवलंस, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. दिवाळीला ये. तिला बाहेर नेऊन विचार, माझ्यासमोर नको. येते म्हणाली तर कपडे मीच भरून देईन. राहते म्हणाली तर तुझा राग माझ्यावर काढ, पण तिचं ऐक.

पोरीवर हात उचललेली, तरी तिलाच मागणारी,
तुझी आक्का