तृतीय कन्या

हिंदू कॉलनी, दादर
१२ नोव्हेंबर २०२४

ती. सुचीताईस,
राजीचा साष्टांग नमस्कार.

तू फोनवर बोलणार नाहीस, डोळेही अधू झालेत, पण 'पत्र आलं तर मी आईला वाचून दाखवीन', असं तुझ्या हितेंद्रने आमच्या अवनीला सांगितलं. अवनी माझी नात, माझ्या मुलाची, अभिषेकची मुलगी. इकडे सगळं ठीक. मनमोहनना गुडघ्यांचा त्रास आहे. आपली थोरली कुमुदताई चार वर्षांपूर्वी गेली, ते तुला कळलं असेल. जयवंतराव गेल्याचं मला परवा कळलं. बेचाळीस वर्षांनी पत्र लिहितेय आणि गुडघ्यांबद्दल सांगतेय. मुद्द्यावर यायला हात धजत नाही.

अवनीला घराण्याची वंशावळ करायची आहे. त्यासाठी ती दोन महिने वाचनालयात जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली चाळतेय. जन्माच्या, लग्नाच्या जाहिरातींचे फोटो काढून आणते आणि मला अर्थ विचारते. 'चि. सौ. कां.' म्हणजे काय, 'गं. भा.' कुणाला म्हणायचे. एका पत्रिकेत 'शरीरसंबंध करण्याचे योजिले आहे' वाचून तर हसतच सुटली. मी म्हटलं, अगं, तेव्हा सोयरिकीला असंच लिहायचे. मला मजा येत होती, ताई. कुणीतरी मला काहीतरी विचारत होतं.

गेल्या मंगळवारी तिने दोन फोटो शेजारी शेजारी ठेवले. एक पंचावन्न सालचा, माझ्या जन्माचा : 'तृतीय कन्यारत्न झाले, बाळ-बाळंतीण सुखरूप.' दुसरा एकोणऐंशीचा, माझ्या लग्नाचा : 'आमची द्वितीय कन्या चि. सौ. कां. राजलक्ष्मी.'

"आजी, जन्मताना तू तिसरी आणि लग्नात दुसरी? मधली लहानपणीच गेली का?"

मी 'हो' म्हणू शकले असते. तोंडाशी आलं होतं. पण म्हटलं, "नाही. ती डिलाईल रोडला राहते."

पोरीने चार दिवसांत तुझा पत्ता काढला.

आता जे लिहायचं ते हितेंद्रच्या तोंडून तुझ्या कानावर पडणार, याची मला लाज वाटते. हितेंद्र, थांबू नकोस, बाळा. वाच.

ताई, तो 'द्वितीय' शब्द बाबांनी लिहिला नव्हता. मी लिहिला.

तू जयवंतरावांशी लग्न करून गेलीस, तेव्हा बाबांनी तुला गिरगावच्या घराचं दार बंद केलं, ते खरंच. गिरणीत साच्यावर काम करणारा जावई त्यांना सोसवला नाही. पण दोन वर्षांत ते निवळत गेले. माझं लग्न ठरल्यावर त्यांनी वर्तमानपत्रासाठी मजकूर लिहून माझ्या हातात दिला. त्यात 'तृतीय कन्या' असंच होतं. मला म्हणाले, "हे सुचीच्या वाचनात येईल. तिला कळेल, ती अजून आमच्या मोजणीत आहे." त्यांच्याच्याने याहून जास्त होत नव्हतं.

आणि मी? दाखवायच्या दिवशी मनमोहनच्या आत्याने मला विचारलं होतं, "बहिणी किती?" बाबा आत चहाचं सांगायला गेले होते. मी म्हटलं, "एक. मोठी." गिरणीतल्या माणसाबरोबर पळून गेलेली बहीण आहे असं कळलं तर लग्न मोडेल, या भीतीने बोलून गेले. मग छापून येणारा मजकूर त्याच्याशी जुळायला हवा होता. फोर्टातल्या कचेरीत, जाहिराती घेतात त्या खिडकीशी उभी राहून मी दुसऱ्या कागदावर मजकूर उतरवला, एक शब्द बदलून. खिडकीतल्या माणसाने विचारलं, "एकदा वाचून बघा, बरोबर आहे ना?" मी वाचलं आणि म्हटलं, "बरोबर आहे."

छापून आल्यावर बाबांनी पाहिलं. मी म्हणाले, छापखान्याची चूक. त्यांनी चष्मा काढला. "सुचीने वाचलं तर?" म्हणाले. तुला पत्र लिहितो म्हणाले, पण लिहिलं नाही.

पुढचं तुला अर्धंच माहीत आहे. ब्याऐंशीच्या फेब्रुवारीत बाबा हॉस्पिटलात होते. गिरण्यांचा संप सुरू होऊन महिना झाला होता, तुमच्या घरी काय चाललं असेल याची कल्पनाही मी केली नाही. मी तुला दोन ओळींचं पत्र टाकलं. तिसऱ्या दिवशी तुझं पाकीट आलं. आत एक अक्षर नव्हतं. फक्त माझ्या लग्नाच्या जाहिरातीचं कात्रण.

मी ते पाकीट पर्समध्ये लपवलं. बाबांनी विचारलं, "उत्तर आलं?" मी नाही म्हटलं. त्यांनी दाराकडे तोंड करून झोपायला मागितलं. पाचव्या दिवशी गेले. त्यांना वाटलं, तू माफ केलं नाहीस. तुला वाटलं, त्यांनी तुला पुसून टाकलं. खरं काय ते मला एकटीला ठाऊक होतं, आणि मी गप्प राहिले.

बाबांच्या हातचा मूळ कागद मी फाडला नव्हता. सोबत पाठवतेय. हितेंद्र, अक्षर फिकं झालंय, उजेडात धर.

काल मी मनमोहनना सगळं सांगितलं. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुम्ही तिघी होतात हे आम्हाला बोलण्यांच्या आधीपासून माहीत होतं. ती जाहिरात वाचून माझी आईच हळहळली होती, बापाने मुलीला असं वगळावं का म्हणून." ताई, लग्न मोडणारच नव्हतं. ज्यासाठी मी हे केलं, ते कारणच नव्हतं.

माफी मागायची माझी लायकी नाही. तू हा कागद फक्त ऐक.

तुझी,
राजी

*

डिलाईल रोड
२४ नोव्हेंबर २०२४

राजलक्ष्मीमावशी,
आई सांगतेय तसं लिहितोय.

राजी, पत्र पोचलं. पहिल्या दिवशी मी हितेंद्रला अर्ध्यावर थांबवलं नि घराबाहेर जा म्हटलं. मग चार दिवसांनी पुढचं वाच म्हटलं. बाबांचा कागद पोराने शेवटी वाचला. मला दिसत नाही, पण त्यांच्या लिहिण्याची पद्धत कळते. 'तृतीय'ला त्यांनी दोनदा गिरवलंय म्हणे.

बाबा वारल्याचं कळलं त्या दिवशी मी तांदूळ निवडत होते. जयवंत म्हणाले, जाऊन ये गो, मी सोडतो. मी उठले नाही. बेचाळीस वर्षं मी त्या माणसाला शिव्या दिल्या. आता त्या कुणाला देऊ? तुला द्यायला तोंड उघडते, तर तू सहा वर्षांची असतानाचा तुझा आवाज आठवतो. ह्याचा मला फार राग येतो.

माफ केलं असं हितेंद्रला लिहू देणार नाही. खोटं होईल.

शनिवारी ये. नातीला आणू नकोस, ती नंतर. हॉस्पिटलात बाबा काय बोलले, कुणाला हाका मारल्या, शेवटी तोंडात पाणी कुणी घातलं, ते तू मला बसून सांगायचंस. मी मध्ये बोलणार नाही. जिने तीन आहेत, बत्ती नसते, कठडा धरून चढ.

(मावशी, खालची सही आईने स्वतः केली आहे. पेन कुठे टेकवायचं तेवढं मी दाखवलं. — हितेंद्र)

ताई