गवत रुजेपर्यंत ताबा नाही

मी, खाली सही करणारी, हवामान कार्यालयातून निवृत्त झालेली निरीक्षक, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. मी संतापलेली आहे, परंतु संताप आणि शाबूत बुद्धी एका डोक्यात नांदू शकतात. तसा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते लिहिले तेव्हा मागच्या अंगणात गवत होते.

पहिले कलम, घराचे. घर माझ्या एकुलत्या मुलाला. मात्र मी दवाखान्यात असताना त्याने मागच्या अंगणात घातलेली फरशी निघून तिथे पुन्हा गवत रुजेपर्यंत त्याला ताबा मिळू नये.

कारण लिहून ठेवते, नाहीतर मागून म्हणतील, म्हातारी चळली होती. त्या गवतावर उंच पायांची, झडपांची पांढरी लाकडी पेटी माझ्या वडिलांनी मांडली. आत दोन तापमापक: एक कोरडा, दुसऱ्याच्या टोकाला ओले मलमल. पाणी उडते तसा ओला थंडावतो, आणि दोघांतल्या फरकावरून हवेतला दमटपणा कळतो. शाळेच्या गणवेशात, टाचा उंचावून मी ते वाचायला शिकले. आमच्या शाळेतल्या सिस्टर सांगायच्या, "बाळ, जे दिसतं ते लिही. जे शोभेल ते नको." त्या एका वाक्यावर मी सारी नोकरी केली. माझे यजमान थट्टेने म्हणायचे, "मी कोरडा, तू ओली. आपल्यातला फरक मिटला की समजायचं, आता बरसणार."

वडिलांच्या काळापासून इथली जमीन हळूहळू तापते आहे, हवा सुकते आहे. एका उन्हाळ्यात हे कळत नाही. पेटी त्याच जागी, त्याच गवतावर वर्षानुवर्षे उभी राहिली तरच कळते.

दुसरे कलम, कार्यालयातल्या साहेबांचे. त्यांनी तिथली पेटी गच्चीवर, एसीच्या गरम झोतात नेली. मी हरकत घेतली तर म्हणाले, "बाई, हवा सगळीकडे सारखीच." सारखी होती, तर स्वतःच्या खोलीत एसी कशाला लावला होता? त्यांना मी क्षमा केलेली नाही, आणि माझ्या पश्चात कोणी माझ्या वतीने करू नये.

मुलाने प्रेमाने केले, म्हणून जास्त लागले. दवाखान्यातून आले तर हा दारात हसत उभा.

"आई, चिखल गेला बघ. आता पाय घसरायचा नाही. आणि तुझी पेटी पोर्चमध्ये ठेवलीय. उन्हात किती तापत होती बिचारी."

"अरे, ती पेटीच सावली आहे तापमापकांची."

"मग सावलीला सावली मिळाली."

पेटी मी त्याच संध्याकाळी जागेवर न्यायला लावली, पण आता पायांखाली फरशी.

"फरशीनं आकडे चढले तर बरंच की," तो म्हणाला. "तुझंच म्हणणं खरं ठरेल."

त्या दिवशी मी जेवले नाही. हवा खरोखरच तापते आहे. तिला माझ्या मुलाच्या फरशीची मदत नको. उद्या कोणी त्या एका खोट्या उडीवर बोट ठेवील आणि माझ्या वडिलांनाही खोट्यात काढील.

तिसरे कलम. बँकेतल्या ठेवीतून आधी फरशी उखडावी, उरेल ते मुलाचे. उखडलेली फरशी साहेबांना भेट पाठवावी.

चौथे कलम. पेटी, तापमापक आणि कपाटातले धुतलेले मलमल सुनेला. माझ्या गैरहजेरीत मलमल तिने एकदाही सुकू दिले नाही, आणि अंगण झाकले त्या दिवसाच्या आकड्यांपुढे, कोणी न सांगता, "फरशी" एवढा शब्द लिहून ठेवला. तो वाचून मला रडू आले. गवत रुजले की नाही, हे तीच ठरवील. नवऱ्याची भीड धरू नये.

शेवटचे. मला नेताना मागच्या अंगणातून नेऊ नये. गर्दीने पेटीजवळची हवा तापते. त्या सकाळचेही माप वेळेवर घ्यावे, आणि सूनबाई, आधी डोळे कोरडे करावेत. ओल्या डोळ्यांनी आकडा चुकतो.

स्थळ: राहते घर, मागची खिडकी.
दिनांक: सहीखाली घातला आहे.

सही: निरीक्षक, निवृत्त

साक्षीदार:
१. डॉक्टरीणबाई. "जरा सौम्य लिहा" असे यांनी सुचवले होते.
२. कार्यालयातले जुने सोबती. डोळ्यांना लगेच पाणी येते म्हणून आम्ही यांना 'पर्जन्यमापक' म्हणत असू. सहीवरचा डाग त्यांचाच आहे, खाडाखोड समजू नये.