पहिला अर्धा माझा

६ मार्च, शुक्रवार

नवा सिनेमा लागला. बघितला – म्हणजे माझा अर्धा. फर्स्ट क्लास!

त्यातल्या कॅप्टनच्या घरातला सोफा तेवढा खटकला. आत नुसता फोम. एक स्प्रिंग असेल तर शपथ. नायिका रुसून धपकन बसली ती तळालाच गेली. अशा सोफ्यावरून रुसवा काढून उठायचं कसं माणसानं? बाकी माणसं मात्र सोन्यासारखी. डॉक्टर तर इतका गुणी, की डोळे झाकून आपली मुलगी द्यावी. कुणाचं कुणाशी वाकडं नाही. नायकाला जरा कणकण आली, तेवढ्यात मध्यंतराची घंटा झाली. मी उठलो, दादा आत गेला.

दारावर नवा माणूस आहे. त्यानं अडवलं. एका तिकिटावर दोन म्हातारे कसे, विचारत होता. त्याला सगळं समजावून सांगावं लागलं. समोर आमचं गाद्या-सोफ्यांचं दुकान. वडिलांनी बजावून ठेवलेलं – दुकानात दोघांपैकी एक हवाच, ते ओस पडता कामा नये. म्हणून तरुणपणापासून असंच चालू आहे. मध्यंतरापर्यंत मी, पुढं दादा. शेवट त्याचा, कारण थोरला तो. मग काम करता करता मी त्याला सुरुवात सांगतो, तो मला शेवट सांगतो. दोघं मिळून आम्ही एक प्रेक्षक. उभ्या जन्मात अख्खा सिनेमा दोघांपैकी एकानंही बघितलेला नाही, आणि कुणाचं काही अडलेलं नाही.

दरवान भला माणूस. ऐकून घेतलं आणि दादाचा हात धरून त्याला खुर्चीपर्यंत सोडून आला. वयाचा मान ठेवतात अजून लोक.

७ मार्च, शनिवार

दादानं शेवट सांगितला. मी चाटच पडलो.

नायकाला रुग्णालयात नेतात. तिथं घोडा शिरतो. लांबून, सावकाश, टाप टाप करत नायकाच्या खाटेपर्यंत येतो आणि थांबतो. घोडा थांबल्यावर नायक म्हणतो, "तू आलीस." म्हणजे घोडी असणार. मग बराच वेळ कुणी बोलत नाही, आणि मग सगळे रडतात.

मी तीनदा विचारलं, घोडाच का? दादा म्हणाला, आपण काय कारण विचारायला गेलो नव्हतो. डॉक्टर मात्र त्याला पहिल्यापासून पसंत नव्हता. त्याला सिनेमातलं कुणीच पसंत नसतं. बिचारा आत पाऊल टाकतो तोवर भांडणं पेटलेली असतात. गोडीगुलाबीचे दिवस सगळे माझ्या वाट्याला येतात.

घरी हिला सांगितलं. ही म्हणाली, "म्हणूनच मोठे भावजी रस्त्यावरच्या खांबावरही संशय घेतात, आणि तुम्ही चोराला चहा पाजाल. सासूबाई उगाच नव्हत्या म्हणत, दोघांची मोट बांधली तर एक शहाणा माणूस निघेल."

तरी माझं मत लिहून ठेवतो. चांगला सिनेमा. रुग्णालयात घोडा आणायला हिंमत लागते.

९ मार्च, सोमवार

घोडा डोक्यातून जात नाही. जिना कसा चढला असेल?

१३ मार्च, शुक्रवार

आज खुनाच्या खटल्याचा सिनेमा. सुंदर! खून झालाय, पण कुणी फारसं मनाला लावून घेत नाही.

पुतण्यावर आळ आलाय. त्याचा काका – असा माणूस शोधून सापडणार नाही. पुतण्यासाठी स्वतःचं घड्याळ विकलं. वकिलाच्या पायऱ्या झिजवल्या. आणि त्याची आरामखुर्ची! खरा काथ्या, खरे पितळी खिळे, पाठीला हातानं घातलेली शिवण. असली खुर्ची जपणारा माणूस वाईट असूच शकत नाही. आता पुतण्याचा रक्ताचा शर्ट कोर्टात येणार, एवढ्यावर घंटा झाली.

दादाला म्हटलं, जा, काकाकडे नीट लक्ष ठेव.

१४ मार्च, शनिवार

भांडण झालं. लिहितानाही बरं वाटत नाही.

दादा म्हणाला, वकील भर कोर्टात पाण्यात पडला. मी म्हटलं, कोर्टात पाणी कुठलं? तो म्हणाला, पडला म्हणजे पडला. धप्पकन. सगळे ओरडले. आणि तुझा तो काका, तो हसत सुटला. सिनेमा संपेपर्यंत हसत होता. खुनी तोच.

घोडा मी पचवला होता. पण काकाला खुनी म्हणायचं म्हणजे फार झालं. मी म्हटलं, तुला डुलकी लागली असेल. तो म्हणाला, "मी होतो ना तिथं!" मी म्हटलं, नुसतं असून काय होतं, खुर्चीही तिथं होती.

हे बोलायला नको होतं. दादानं दाभण खाली ठेवलं. मग हळूच म्हणाला, "महिनाअखेर मी मुलीकडे जातो. कायमचा. दुकान तू बघ."

सिनेमातल्या एका काकापायी कुणी सख्खा भाऊ टाकून जातं का?

१६ मार्च, सोमवार

अबोला.

आमचं काम मुकाट्यानं होणारं नाही. सोफ्याच्या पाठीला बटणं बसवायची तर दोन माणसं लागतात. मी पुढून दाभण खुपसून म्हणतो, "आलं." दादा मागं बसून टोक धरतो, ओढतो, गाठ मारतो, म्हणतो, "बसलं." आयुष्यभर मी पुढं, तो मागं. आज मी "आलं" म्हटलं नाही. दाभण नुसतं घातलं. दादा मागं चाचपत राहिला, आणि टोक त्याच्या तळव्यात गेलं. त्यानं चिंधी गुंडाळली आणि पुढची गाठ मारली. गाठीकडे तो बघतसुद्धा नाही, बोटांनीच मारतो. ते कसब मला कधी आलं नाही.

असा माणूस जातो म्हणतो. मी बटणं कुणाबरोबर बसवू?

१७ मार्च, मंगळवार

दरवानाला मध्यस्थीला घातलं. त्याच्याकरवी निरोप पाठवला – पाण्याचं सोडून देतो, काकाबद्दलचं तेवढं मागं घे. उलट निरोप आला – काकाला म्हणावं, आधी हसणं मागं घे.

दरवान वैतागला. म्हणाला, "आजोबा, जवळच आहे, स्वतः बघा की शेवट!"

मी सर्द झालो. शेवट? मी?

१८ मार्च, बुधवार

दादाच्या मुलीचा हिला फोन. खोली तयार आहे म्हणाली. ही डोळे पुसत होती. मी दुसऱ्या खोलीत जाऊन उगाच उशी उसवली.

१९ मार्च, गुरुवार

सिनेमाचा शेवटचा दिवस. आता नाही तर कधीच नाही. दादा दुकानात बसलेला बघितला आणि मध्यंतरानंतर आत गेलो.

उत्तरार्ध फार वाईट असतो! कुणी कल्पनाच दिली नव्हती. परवापर्यंत हसणारी माणसं एकमेकांच्या जिवावर उठलेली. अंधार काय, ओरडा काय. आणि दादा हे सगळं एकटा सोसत आलाय, दर आठवड्याला, जन्मभर! तो माणसांवर संशय घेणार नाही तर काय करील?

कोर्ट आलं. वकिलानं शर्ट उचलला. पुढं पाण्याची मोठी बादली. मला बघवेना. काकाचं काय होणार या धास्तीनं मी डोळे गच्च मिटले.

आणि धप्पकन आवाज झाला. माणूस पाण्यात पडावा तसा. सगळे ओरडले. मग कुणीतरी हसायला लागलं, थांबेचना. काकाच! दादा म्हणाला होता अगदी तसंच. जसंच्या तसं.

डोळे उघडले. वकील कोरडा ठणठणीत उभा. बादलीत तो शर्ट, आणि पाणी लाल झालेलं. रक्त कसलं, कच्चा रंग होता. पुतण्या सुटला. आणि काका तोंड ओंजळीत धरून हमसून हमसून रडत होता.

पुन्हा डोळे मिटले. हसायला लागला. उघडले. रडत होता. चार-पाच वेळा करून बघितलं. शेजारची बाई म्हणाली, बरं वाटत नाही का?

बाहेर पायरीवर बसून राहिलो. रुग्णालयात घोडा नव्हताच. उंच टाचांच्या चपला घालून कुणी बाई आली असेल लांबून. माझा दादा असा सिनेमा बघतो.

दरवान म्हणाला, त्यांना हाताला धरून न्यावं लागतं, हे तुम्हाला ठाऊक असेल असं वाटलं होतं.

समोर दुकानात दादा बसलेला दिसत होता. मी रस्त्यापलीकडून हात हलवला. तो माझ्याच दिशेनं बघत होता. त्यानं हात हलवला नाही.

२० मार्च, शुक्रवार

सोफ्याच्या पुढून म्हटलं, "आलं." मग म्हटलं, दादा, काल बघून आलो. तुझंच खरं. वकील पाण्यातच पडला. काका हसतच होता.

मागून दोरा ओढला गेला, गाठ बसली. मग दादा म्हणाला, खोटं तुला लहानपणीही जमत नव्हतं. मग म्हणाला, मुलीला कळव, त्या खोलीत दुसरं काही ठेव म्हणावं. आजचा सिनेमा पहिल्यापासून दोघं बघू. दुकानाला कुलूप लाव. तू शेजारी बस आणि पडद्यावरचं सगळं सांगत राहा.

मी म्हटलं, लोक ओरडतील.

"ओरडू देत," दादा म्हणाला. "त्यांना दिसतं."