नंबर शून्याचा चष्मा

उमरोळी, चंपाषष्ठीचा दुसरा दिवस, १९६७

प्रिय मित्र बळवंत यास दिनानाथचा सप्रेम नमस्कार. मंगलावहिनींना नमस्कार सांग, पण पत्र दाखवू नकोस. तुझा गुडघा कसा आहे? इकडे वाडी बरी, पानवेल बरी, आई तर फारच बरी. बिघडलोय तो मी एकटा, आणि कुठे बिघडलोय तेच सापडत नाही.

झालं असं, की तारापूरला जयवंती नावाची मुलगी पाहायला गेलो. (या वयात मुलगी पाहणं म्हणजे बाजार उठल्यावर पिशवी घेऊन निघणं, पण आईपुढे कोणाचं चालतं?) सोबत हे स्थळ आणणाऱ्या रखमाबाई; आई वाडी राखायला घरीच राहिली. मुलगी आली, पोहे आले, मी रीतसर मान खाली घातली. एवढ्यात तिचा भाऊ कमलाकांत (अणुभट्टीच्या बांधकामावर मुकादम आहे) अंगणात कोयत्याने शहाळी सोलताना दिसला आणि मान जी वर झाली ती खाली यायला तयार होईना. त्याने शहाळं माझ्या हातात दिलं. मी ते तोंडाला लावलं असं माझं मत. शर्टाचं मत वेगळं होतं. मुलीला काही विचारायचं तर विचारा, असं तिचे वडील म्हणाले, तेव्हा मी विचारलं, नारळावर आपण स्वतः चढता का? बिचारी नाही म्हणाली.

घरी येताच आईची उलटतपासणी सुरू झाली. रंग? उन्हाने रापलेला. डोळे? घारे, हसताना बारीक होणारे. हात? भक्कम. आई हरखली, कारण आजवर कुठल्याही मुलीबद्दल मी 'बरी आहे' यापलीकडे बोललो नव्हतो. त्या भरात मी मिशीवर आलो. आई म्हणाली, "मिशी? पोरीला मिशी हाय, आनि रखमाबाई, तुमी बोलल्या नाय?" रखमाबाई देवाच्या आणा घेऊ लागल्या की पोरगी गोरी, डोळे काळेभोर, मिशीचं नाव नाही. शेवटी दोघींनी एकमताने निकाल दिला की दिनूची नजर गेली, आणि मला पालघरला चष्मेवाल्याकडे धाडलं. मी तक्त्यावरची अक्षरं तर वाचलीच, खाली बारीक छापलेलं छापखान्याचं नावही वाचलं. डोळे ठणठणीत आहेत, म्हणाला. म्हणजे जे तपासायचं आहे ते त्याच्याकडे तपासत नाहीत.

बळवंता, चेष्टा पुरे. मला भीती वाटते. चिकू तयार झाला की नाही ते नखाने खरवडून कळतं; मी स्वतःला किती खरवडलं, एकदा हिरवा दिसतो, एकदा पिवळा. आपल्या शाळेतल्या हिराचं लग्न ठरलं तेव्हा मी जेवलो नव्हतो, हे तुला ठाऊक आहे. मग ते काय होतं आणि हे काय आहे? याला नाव असेल तर मला कोणी शिकवलं नाही. (गावात जी नावं आहेत त्या शिव्या आहेत.) येत्या रविवारी ते लोक उत्तर मागायला येणार. हो म्हणालो, तर त्या पोरीने जन्मभर अशा नवऱ्याला वाढायचं, ज्याला तिच्या माहेरी जायची तिच्यापेक्षा जास्त घाई.

तुझा,
दिनानाथ

ता. क. खरं काम हे, की वहिनींना पाहायला गेलास तेव्हा तुला नक्की काय झालं होतं ते लिही. घसा सुकला का, शर्ट भिजला का, सगळं. माझ्याशी जुळलं तर मी नकार देईन आणि तो माझ्या नजरेवर ढकलीन. मुलीला बोल लागू देणार नाही. कार्ड नको, पाकीट पाठव. आमचा पोस्टमन गोमा कार्डं आईला वाचून दाखवतो.

ता. क. २. असं मला याआधी एकदा झालं होतं. तू नोकरीला निघालास, तेव्हा उमरोळी स्टेशनात, तुझी गाडी हलल्यावर. मी वालाच्या बिरड्याला दोष दिला होता. यावर काही लिहू नकोस. गुडघ्याचं मात्र कळव.

ता. क. ३. आई चष्म्याशिवाय घरात घेईना, म्हणून साध्या काचेचा करून आणलाय. नंबर शून्य. ती शेजारीपाजारी सांगत सुटलीय, आता आमच्या दिनूला सगळं नीट दिसतं. दिसतं खरं.