विश्व दमतंय का?

धाकट्या,

तू स्वतः छापलेलं पुस्तक दोनदा वाचलं. "दादा, खरं मत दे," म्हणालास, तेव्हापासून मी उत्तर टाळतोय. चूक म्हणावं तर तू खचशील, आणि माझी अक्कल सातवी नापास! विश्व दमत चाललंय, म्हणून घड्याळं मागे पडतात, असं तू लिहिलंस. दुकानातली पाच घड्याळं महिनाभर काट्यांना हात न लावता रेडिओशी ताडायची, असं मी ठरवलं. पण मी जन्माचा घड्याळजी. मागे पडलेलं दिसलं की बोट आपोआप काटा पुढे सारतं. प्रयोग वाया गेला.

"आता भावजींनाच बोलवा, तुमचे हात धरायला," तुझी वहिनी हसली.

खरंच की! हे पत्र टाकत नाही. उद्या स्वतःच तुला न्यायला येतो.

तुझा दादा