यंदा पहिल्या पंगतीत

आई, आज पाडवा. सकाळी गुढी उभारली आणि तुझ्याशी बोलावंसं वाटलं, म्हणून लिहायला बसले आहे. तू जाऊन इतकी वर्षं झाली की या घरात तुला पाहिलेलं माणूस आता माझ्याशिवाय कोणी नाही.

सेलूच्या घरी पाडव्याला बाबा सगळ्यांना संकल्प विचारायचे. कापसाच्या जिनात वजनकाट्यावर काम करणारा माणूस, पण ही एक हौस त्यांनी कुठून तरी उचलली होती. कडुनिंब आणि गूळ खाऊन झाला की आम्हाला ओळीने बसवायचे आणि यंदा काय करणार ते मोठ्याने बोलायला लावायचे. एकदा बोललं की ते करावंच लागतं, असा त्यांचा नियम. स्वतः ते दरवर्षी तंबाखू सोडायचे. आबाजी, म्हणजे त्यांचे वडील, कोणावर चिडणार नाही म्हणायचे. तुला मात्र कोणी विचारत नसे. तू तेव्हा पुरण वाटत असायचीस.

मी सातवीत होते त्या वर्षी संक्रांतीला आबाजींनी मला भरल्या ताटावरून उठवलं होतं. "आता मोठी झाली हे. हिनं मायसंग जेवत जावं." तेव्हापासून पुरुषांचं झाल्यावर मी तुझ्याबरोबर उरलेलं जेवू लागले. तू काही बोलली नाहीस. मला वाटलं, तुझ्या लक्षातही आलं नसेल. मग पाडवा आला. सगळ्यांचे संकल्प सांगून झाले आणि माझ्या धाकट्या भावाने तोंडात गूळ असतानाच विचारलं, "बाबा, आईले काऊन नाई इचारत?" बाबा हसले. "सांग, तुयं काय हाय?" तू वरवंटा न थांबवता म्हणालीस, "यंदापासून मी सगळ्याईसंग जेवाले बसीन. पोरगी बी."

आबाजींनी विचारलं, "मंग वाढन कोन?"

"आधीच करून ठिवीन, मामाजी. ज्याले जे लागन ते त्यानं घ्यावं." सासऱ्यांना तू मामाजीच म्हणायचीस.

दुपारी तू पाच ताटं मांडलीस. मी बसले आहे, समोर पुरणपोळी आहे, पण हात पुढे जात नाही. आबाजी ताटाकडे पाहताहेत, बाबा आबाजींकडे. तू भात कालवते आहेस. तू पहिला घास घेतलास आणि आबाजी ताट तसंच ठेवून उठले. बाबा अर्धे उठले, मग तसेच बसले. तू वर न पाहता मला म्हणालीस, "जेव." मी जेवले. त्या पोळीची चव मला आजही आठवत नाही.

दुसऱ्या दिवसापासून आबाजींचं ताट ओसरीवर गेलं. बाबांची ओढाताण सुरू झाली. चार घास बाहेर बसून खायचे, चार आत येऊन. घरात साधं भांडं पडलं तरी सगळे दचकायचे. एकदा बाबा चुलीपाशी येऊन हळू आवाजात म्हणाले, "त्याईचं वय झालं. थोडी सबूर कर न." तू जाळ सारखा करत म्हणालीस, "तुमीच म्हनता न, बोललं की करा लागते." काही दिवसांनी बाबांनी ओसरीवरचं आपलं ताट उचललं. "आबाजी, मी आत जेवतो." आबाजी म्हणाले, "जा." एवढंच.

पोळ्याच्या सुमाराची गोष्ट. आम्ही जेवत होतो आणि आबाजींनी बाहेरून भाकर मागितली. पुन्हा मागितली. मी उठायला हात टेकला तर तू माझं मनगट धरलंस. कोणीच उठलं नाही. आबाजी ताट घेऊन दारात आले. मला वाटलं, आता ते ताट भिरकावतात. ते वाकले, टोपल्यातली अर्धी भाकर घेतली आणि म्हणाले, "भाकर थंडी झाली."

"हो मामाजी. सगळ्याईचीच थंडी हाय."

ते परत ओसरीवर गेले. त्यानंतर लागेल ते स्वतः येऊन घ्यायचे. तुझ्या पंगतीला ते शेवटपर्यंत बसले नाहीत आणि तूही कधी बसा म्हणाली नाहीस. पण मला पुन्हा कोणी ताटावरून उठवलं नाही.

तू हे सगळं स्वतःसाठी केलंस असंच मी खूप वर्षं समजत होते. माझी मुलगी त्या वयाची झाली तेव्हा कळलं, "पोरगी बी" हे तू शेवटी बोललेले दोन शब्दच तुझा खरा संकल्प होते.

आता मी सिंदी मेघेला मुलाकडे असते. आज सुनेने विचारलं, "आई, तुमचा यंदाचा संकल्प काय?" मी म्हटलं, रोज सकाळी फिरायला जाईन. मग सगळे जेवायला बसले, मला या या म्हणत राहिले आणि मी म्हटलं, तुम्ही सुरू करा, मी गरम पोळ्या घेऊन येते. या घरात मला कोणी अडवत नाही. तरी सगळ्यांचं झाल्यावर मी ओट्यापाशी उभ्यानेच जेवते. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते. संकल्प दुसराच होता, आई. तोंडून निघाला नाही.