कपाळ कोरडं हवं

प्रिय ओल्फा,

शुक्रवारी फोनवर तू म्हणालीस, "उम्मी, या खेपेला थर्मामीटर तूच निवड." मी "बरं" म्हटलं आणि लगेच तुझ्या पायांच्या सुजेची चौकशी सुरू केली. सातवा महिना आहे, पाय सुजणारच. बोलणं दुसरीकडे वळवायला मी नेहमी असं काहीतरी शोधते.

काल सी हमादींच्या औषधांच्या दुकानात गेले. त्यांनी तीन थर्मामीटर समोर मांडले. "मदाम बेया, तान्ह्यासाठी हा साधाच घ्या, मऊ टोकाचा. पहिले तीन महिने गुदद्वारातून मोजायचं, पुढे काखेत. कानातला सहा महिन्यांनंतर. पाऱ्याचा मात्र घरात नको, फुटला तर आफत. कपाळावर धरायचाही वाईट नसतो, पण..." एवढं बोलून ते थांबले आणि उगाचच काउंटर पुसू लागले. मी साधा घेतला. तो पार्सलमध्ये आहे, खाली दोन झबली आणि तुझ्यासाठी भाजलेल्या जवाचं पीठ.

या वर्षी मी नारिंगाच्या फुलांचं पाणी काढलं नाही. झाड पांढरं झालं होतं, आपल्या नाबल गावच्या गल्लीगल्लीत तांब्याची भांडी चुलीवर चढली होती, आणि मी फुलं खाली पडू दिली. शेजारची दूजा कुंपणावरून ओरडली, "काय गं बेया, शाळेतल्या नन्सनी तुला फुलं कुजवायला शिकवलं का?" मी म्हटलं, गुडघे दुखतात. "माझे काय नाचतात? सरक बाजूला!" म्हणत ती तीन टोपल्या भरून घेऊन गेली. आपल्याकडे त्या पाण्याशिवाय घर चालत नाही, कॉफीत थेंब, ऊन लागलं तर कपाळावर, घाबरगुंडी उडाली तर ओंजळीत. तुला गोवर निघाला होता तेव्हा मी तीन दिवस त्याच पाण्यात भिजवलेला कापूस तुझ्या कपाळावर फिरवत बसले होते. त्या वासानं तुला झोप लागायची. माझ्या आईनंही माझ्यासाठी तेच केलं होतं.

तुझी सिरीन गेल्या महिन्यात येऊन गेली. चार वर्षांची झाली, तरी मी अजून तिला मागून हाक मारते. ती वळत नाही, मग आठवतं. आता खोलीत शिरताना मी फरशीवर टाच आपटते. तिच्या तळव्यांना ते कळतं, आणि ती हसून वळते. असं हसते, की मला तिथून पळून जावंसं वाटतं.

मागच्या ईदला तुमच्या घरी नबीलची आई म्हणाली, "आमची सून शिकलेली ना! सशाचं चित्र असलेल्या खेळण्यानं ताप मोजते!" सगळे हसले. नबील हसला नाही, पण म्हणाला, "गोंडस दिसलं म्हणून घेतलं, दुसरं काय." तू मान खाली घालून कलिंगड कापत राहिलीस. मी शेजारीच बसले होते. मी म्हटलं, "कलिंगड गोड आहे हं."

तो सशाचा थर्मामीटर तू सिरीनच्या आजारपणानंतर लगेच इथल्या कचऱ्याच्या डब्यात फेकला होतास. तू गेल्यावर मी तो काढून घेतला. तो विकणाऱ्या दुकानदाराला जाब विचारायचा होता मला. पण आधी तो सी हमादींकडे नेला. त्यांनी माझं कपाळ मोजलं, स्वतःचं मोजलं, दुकानातल्या दुसऱ्या थर्मामीटरशी ताडून पाहिलं. आकड्यात फरक नव्हता. म्हणाले, "यंत्र ठणठणीत आहे, मदाम. मोजताना कपाळ कोरडं होतं ना?"

ओल्फा, कपाळ कोरडं नव्हतं. तू कामासाठी तीन दिवस सूसला गेली होतीस आणि सिरीन माझ्याकडे होती. मी दर तासाला तिचं कपाळ फुलांच्या पाण्यानं पुसत होते आणि पुसल्या पुसल्या मोजत होते, कारण तेव्हा ती शांत पडून राहायची. पाणी उडून जाताना कातडी गार करतं आणि यंत्राला तेवढी गार कातडीच दिसते. आकडा यायचा छत्तीस पॉइंट आठ, म्हणजे ताप नाही. तिचं पोट तव्यासारखं भाजत होतं, ते माझ्या तळहाताला कळत होतं. पण फोनवर मी तुला आकडा सांगितला. आकडा सांगताना मला थोडा अभिमानही वाटत होता. तू म्हणालीस, "मग झोपू दे तिला." तिसऱ्या सकाळी तिला झटका आला. मेंदूच्या आवरणाला सूज होती. डॉक्टर म्हणाले, आदल्या दिवशी आणलं असतं तर कान कदाचित वाचले असते.

हे मला पावणेदोन वर्षं ठाऊक आहे. सी हमादींनाही अंदाज असावा, पण ते सभ्य आहेत. शाळेत ख्रिस्ती मुली दर शनिवारी पाद्रीबाबांसमोर पापं कबूल करायला जायच्या, आणि आम्ही मुसलमान मुली बाहेर बाकावर बसायचो. आत जायला काय लागतं ते मी कधी शिकलेच नाही, ही माझी सबब. खरं कारण एवढंच, की तू मला सोडून जाशील या भीतीनं मी तुला त्या घरात बोलणी खाऊ दिली.

शुक्रवारी फोन ठेवता ठेवता तू म्हणालीस, "उम्मी, हे मूल झालं की नणंदेकडेच वाढवायला देते. मी आई व्हायच्या लायकीची नाही." म्हणून हे लिहिते आहे. तू चांगलं यंत्र निवडलं होतंस, आणि आकडा विचारलास तेही बरोबर. हे पत्र नबीलला वाचून दाखव, त्याच्या आईला दाखव. बाळ तुझ्याचजवळ ठेव, माझ्याकडे नको. आणि मला फोन करू नकोस. केलास तर मी रडेन, आणि माझं रडणं ऐकून तू मला तिथल्या तिथे माफ करशील, तुझा स्वभावच तसा. आधी माझ्यावर राग धर, बाळा. लागतील तेवढी वर्षं.

तुझीच, तू म्हणशील तेवढीच,
उम्मी